व्ही-एटचा आवाज ऐकायचा की गाणी?

तुमचा प्रश्न असा: फोर्डची सेकंडहँड मस्टँग जीटी (व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन असलेली स्पोर्ट्स कार) घ्यायचं जवळजवळ ठरलंय, राहायला इंदूरच्या विजयनगरला, नोकरी सुपर कॉरिडॉरच्या बाजूला. मित्र म्हणतात, असल्या गाडीत गाणी लावणं म्हणजे इंजिनाचा अपमान. घरचे म्हणतात, एवढे पैसे मोजून गाणंसुद्धा धड ऐकू येणार नसेल तर काय उपयोग. म्हणून तुम्हाला जाणून घ्यायचंय की स्पोर्ट्स कारवाले चालवताना खरंच गाणी ऐकतात का, आणि गाडी हातात आल्या आल्या आहे ती सिस्टिम काढून मोठी ऑडिओ सिस्टिम बसवावी का.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: ऐकतात. जवळजवळ सगळे ऐकतात. पण कुठे ऐकतात, कुठे बंद करतात आणि का, हे कळल्याशिवाय दुसऱ्या प्रश्नाला हात घालण्यात अर्थ नाही, आणि तुमचे पैसे अडकलेत ते दुसऱ्या प्रश्नात. माझं इंदुरात कार ऑडिओ आणि साउंड डॅम्पिंगचं, म्हणजे पत्र्याची थरथर आणि बाहेरचा आवाज दाबण्याचं, काम आहे, पुष्कळ वर्षांचं. गिऱ्हाईक बहुतेक साध्या गाड्यांचं, पण मस्टँग, झेड फोर, पोर्शची बॉक्सस्टर, एएमजी अशाही गाड्या येत असतात. काम झालं की मालकाच्या शेजारी बसून एक चक्कर मारल्याशिवाय मी गाडी सोडत नाही. त्या चकरेत मालक काय बोलतो याकडे माझं फारसं लक्ष नसतं. त्याचा अंगठा स्टिअरिंगवरच्या व्हॉल्यूमच्या बटणावर कधी जातो, ते मी बघत असतो.

आधी हे मान्य करू की इंदुरात स्पोर्ट्स कार बहुतेक वेळ नुसती कार असते. पलासियाहून विजयनगरला संध्याकाळी सातला निघालात तर तुमची चारशे घोड्यांची गाडी आणि शेजारची जुनी अल्टो एकाच ई-रिक्षाच्या मागे उभ्या असतात. इंजिन हजार आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) खाली नुसतं घुरघुरतंय, एसी जोरात, समोरच्याचा हॉर्न अखंड. अशा वेळी गाणी न लावणारा मालक मला अजून भेटलेला नाही. कोणी जुनी हिंदी लावतो, कोणी पंजाबी, कोणी शेअर बाजाराचा पॉडकास्ट, आणि एक डॉक्टरसाहेब आहेत ते फक्त नाट्यसंगीत. (तसं पाहिलं तर सकाळच्या वेळी इंदुरात सगळ्यात जोरात गाणं वाजवत फिरणारी गाडी म्हणजे नगर निगमची कचरागाडी. तिच्यापुढे कुणाचाही सबवूफर टिकत नाही, भिया.)

पण शहरातच एक गोष्ट बघण्यासारखी असते. कॉलनीच्या गेटसमोरचा तो वेडावाकडा, रंग न मारलेला स्पीडब्रेकर आला की बुटक्या गाडीचा मालक ब्रेक लावतो आणि त्याच क्षणी आवाज कमी करतो. गाडी तिरपी घेऊन एकेक चाक चढवतो, मान थोडी खिडकीकडे, बोलणं थांबलेलं. खालून घासल्याचा आवाज यायला नको असतो, पण आला तर तो ऐकायचा असतो. मागचं चाक उतरलं की अंगठा पुन्हा प्लसवर. आपण असं करतो हे त्याला विचारलं तर आठवतही नाही. बेसमेंट पार्किंगच्या रॅम्पवर तेच, चाक काढून बसवल्यावर पहिल्या एक-दोन किलोमीटरलाही तेच. कानाला काम लागलं की गाणं खाली येतं. गाडी महागडी असो की साधी, हे सगळीकडे सारखंच. फक्त स्पोर्ट्स कारमध्ये कानाला काम जास्त वेळा लागतं.

सगळ्यात जास्त लागतं ते घाटात. रविवारी पहाटे निघणारी मंडळी महूपर्यंत गाणी लावून जातात, मध्ये कुठेतरी पोहे-जलेबी होते, आणि जाम गेटच्या पुढे मंडलेश्वरकडे उतरायला लागलं की सगळ्यांच्या गाड्यांत शांतता. कुणी कुणाला सांगितलेलं नसतं. वळणावर आरपीएमचा काटा बघायचा तर नजर रस्त्यावरून काढावी लागते; इंजिनाच्या आवाजावरून मात्र आपण किती वर आहोत, गिअर खाली घ्यायचा की नाही, हे न बघता कळतं. टायर पकड सोडण्याआधी बारीक कुंईकुंई करतो, मग मोठ्याने. त्या दोन्हींच्या मधला वेळ तुमचा असतो, तोही आवाज ऐकू आला तर. आंधळ्या वळणापलीकडून येणाऱ्या बसचा हॉर्न, संपत आलेल्या ब्रेक पॅडची किरकिर, पावसात चाकाखालच्या पाण्याचा बदललेला आवाज, हे सगळं त्यातच आलं. आणि हो, घाट हा सार्वजनिक रस्ता आहे. जोरात चालवायची जागा पिथमपूरला आहे, नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक, २०२१ मध्ये सुरू झालेला. तोही मुळात गाड्यांच्या चाचण्यांसाठी आहे, आपल्या रविवारच्या हौसेसाठी नाही.

तुमच्या मित्रांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. गाडी बनवणाऱ्यांमध्येही त्या मताचे लोक आहेत. फेरारीने १९८७ मध्ये एफ-४० काढली तेव्हा तिच्यात रेडिओ नव्हता, कार्पेट नव्हतं, दार आतून उघडायला हँडलऐवजी दोरी होती. पोर्शने २०१६ च्या ९११ आर मध्ये वजन कमी करायला रेडिओ आणि एसी दोन्ही काढून टाकले. लेक्ससने तर एलएफएच्या व्ही-टेनचा आवाज केबिनमध्ये कसा यावा यासाठी याम्हाला बरोबर घेतलं. पियानो आणि गिटार बनवणारी तीच याम्हा. एलएफए फक्त ५०० बनल्या. अशा गाडीत बसून कोणी गाणी लावली तर मीही नाक मुरडेन.

उलट बाजूला बघा. पोर्शमध्ये बर्मेस्टरची सिस्टिम मिळते, मॅकलॅरनमध्ये बॉवर्स अँड विल्किन्सची, बेंटलीत ‘नेम’ या ऑडिओ कंपनीची. गिऱ्हाईक ऐकणारच नसतं तर या कंपन्यांनी कशाला एवढा खटाटोप केला असता? त्याहून मजेची गोष्ट म्हणजे टर्बो आल्यापासून एक्झॉस्टचा आवाज दबला, केबिन जास्त बंदिस्त झाली, म्हणून २०११ च्या बीएमडब्ल्यू एम-५ ने इंजिनाचा आवाज गाडीच्या स्पीकरमधूनच ऐकवायला सुरुवात केली. चार सिलिंडरच्या मस्टँग इकोबूस्टमध्येही तोच प्रकार. म्हणजे मालक मोठ्या अभिमानाने म्युझिक बंद करतो, ‘आता इंजिन ऐका’ म्हणतो, आणि तेही स्पीकरच वाजवत असतात. भारतात फोर्डने २०१६ मध्ये आणली ती मात्र पाच लिटरची व्ही-एट जीटी. तिचा आवाज तिचाच आहे, तेवढी खात्री बाळगा.

जाता जाता, इंदूरकरांना हा शौक नवा नाही. महाराज यशवंतराव होळकरांनी (दुसरे) १९३० च्या दशकात अमेरिकेची सुपरचार्जरवाली ड्यूझनबर्ग घेतली आणि लंडनच्या गर्नी नटिंगकडून तिच्यावर स्पीडस्टर बॉडी बांधून घेतली. गाडीतला रेडिओ तेव्हा नुकताच बाजारात येत होता. गॅल्विन बंधूंचा मोटोरोला १९३० चा.

आता थोडं स्वराचं गणित, कारण ऑडिओवर पैसे घालणारे बहुतेक इथेच फसतात. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे व्ही-एटमध्ये दर फेरीला चार स्फोट. दोन हजार आरपीएमला सेकंदाला तेहतीसेक फेऱ्या, त्याला चाराने गुणलं की साधारण १३३ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं. पेटीवर पुरुष गायकाचा पांढरी एकचा षड्ज १३१ च्या आसपास असतो. म्हणजे हायवेला शेवटच्या गिअरमध्ये तुमची मस्टँग पांढरी एकच्या सा च्या आगेमागे गुणगुणत राहणार. सहा सिलिंडरची पोर्श त्याच आरपीएमला १०० हर्ट्झवर, म्हणजे त्याच पट्टीच्या मंद्र पंचमाजवळ. पुरुषी गळ्याचं मंद्र सप्तक, डग्ग्याची घुमक, तंबोऱ्याचा खर्ज, बेस गिटार, सगळी वस्ती याच भागात. दोन आवाज एकाच भागात आले की मोठा लहानाला झाकतो. शिवाय खालचा जोरकस आवाज त्याच्या वरच्यांनाही बराच झाकतो. वरचा खालच्याला तितका झाकत नाही.

हे पुस्तकी वाटत असेल तर आमच्याकडच्या बॉक्सस्टरवाल्या काकांचं ऐका. त्यांना गाडीत उस्ताद अमीर खाँसाहेब लागतात. इंदूर घराण्याचं गाणं, अतिविलंबित लय, मंद्रात रेंगाळत जाणारी बढत. शहरात सगळं छान. बायपासला लागलं की खाँसाहेब अर्धे गायब, मध्येच एखादा सूर वर आला तर तेवढा ऐकू येतो. काकांचं म्हणणं, स्पीकर बदला. मी गाडी कडेला घ्यायला लावली, इंजिन बंद केलं आणि तीच जागा पुन्हा वाजवली. बारीकसारीक मींडसुद्धा स्वच्छ. मग इंजिन चालू करून पाय हलकेच दाबत दोन हजारांवर नेलं, आणि सूर एकेक करून बुडताना त्यांना ऐकवले. स्पीकर बदलले असते तरी तेच झालं असतं. आजची फिल्मी गाणी मात्र हायवेवर टिकतात, कारण ती मुळातच अशी दाबून भरलेली असतात की हळू आणि मोठा यांत फरकच ठेवलेला नसतो. काकांनी तोडगा त्यांचाच काढला: शहरात ख्याल, बायपासला ठुमरी आणि भजनं.

आणि इंजिन एका स्वरावर थांबत नाही. ६००० ला गिअर बदलून ४००० वर आलात तर स्वर बरोबर पंचमाच्या अंतराने खाली येतो. ४००० वरून ३००० वर आलात तर मध्यमाच्या. घाटात हे सारखं चालू, आणि गाणं दुसऱ्याच पट्टीत. ज्याचा कान तयार आहे तो पाच मिनिटांत वैतागून बंद करतो. त्याला सुरक्षिततेवर प्रवचन द्यायची गरज पडत नाही.

वेगाचं गणित वेगळं. वाऱ्याचा आवाज वेग दुप्पट झाला की साधारण १८ डेसिबलने चढतो, टायरचा दहा-बाराने, आणि दहा डेसिबल वाढले की कानाला ते जवळपास दुप्पट वाटतं. शांत सेडानमध्ये शंभरच्या वेगाला ६५ डेसिबलच्या आसपास असतं. रुंद टायर आणि कडक सस्पेंशनच्या दोन दारी गाडीत ७० ते ७५. त्याच्या वरून गाणं ऐकायचं म्हणून लोक ८५-९० ला जातात आणि त्यांना ते मोठं वाटतही नाही. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबल आठ तासांच्या वर नको, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. इंदूर-भोपाळ जाऊन-येऊन किती तास होतात ते तुम्हाला माहीत आहे.

आतापर्यंतचा हिशोब असा: शहरात गाणी, मोकळ्या हायवेला बेताची, घाटात बंद. बहुतेकांचं हेच. बाकी पुष्कळसं परिस्थितीवर. छप्पर उघडणारी गाडी असेल तर ऐंशीच्या पुढे कुठल्याही सिस्टिमचं काही चालत नाही. मॅन्युअलवाले जास्त वेळा बंद करतात. तुमची जीटी ऑटोमॅटिक आहे, त्यामुळे कानावरचा भार थोडा कमी. शेजारी बायको किंवा आई असेल तर काय वाजणार ते त्या ठरवतात, इथे माझ्या अनुभवाचा काही उपयोग नाही. नवीन गाडीचे पहिले काही आठवडे मालक इंजिनच ऐकतो, सहा महिन्यांनी त्याच गाडीत भावगीतं सुरू होतात. आणि आधीच्या मालकाने बाहेरचा एक्झॉस्ट बसवलेला असेल तर सगळंच बदलतं. त्याबद्दल पुढे.

आता पैशांचं. गाडी घेतल्यावर महिना-दोन महिने कंपनीच्या सिस्टिमलाच हात लावू नका. आधी सेटिंगमध्ये जाऊन वेगाबरोबर आवाज आपोआप वाढवणारी सोय सगळ्यात कमीवर ठेवा, म्हणजे आवाज कधी चढला ते तुम्हाला कळेल. बास वाढवायचा मोह टाळा. बास वाढवला की तो इंजिनाशीच मारामारी करतो. शब्द स्पष्ट हवेत तर दोन ते चार हजार हर्ट्झचा भाग किंचित उचला, बस. एवढ्याने माझ्याकडच्या निम्म्या लोकांची तक्रार मिटते, आणि माझा धंदा बुडतो, पण असो.

त्यानंतरही करायचं असेल तर पहिला खर्च स्पीकरवर नको, दारांवर करा. दाराच्या बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटाइलच्या डॅम्पिंग शीट (थरथर शोषणाऱ्या रबरी शीट) लावल्या की तोच कंपनीचा स्पीकर भरीव वाजतो, कमी आवाजातही. मागच्या चाकांच्या वरचा भाग आणि डिकीचा तळ केला की टायरची घरघर खाली येते. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला मात्र हात लावू देऊ नका. व्ही-एटचे पैसे देऊन व्ही-एट बंद करणारे महाभाग मी पाहिलेत. दारं करणाऱ्याला एक गोष्ट आधीच विचारा: एअरबॅगचा सेन्सर कुठे आहे? पुष्कळ नव्या गाड्यांत दाराच्या पोकळीतल्या हवेच्या दाबावरून साइड एअरबॅग उघडायची की नाही हे ठरतं. तिथली भोकं बुजवली किंवा नवी पाडली तर ते बिघडू शकतं. समोरचा ‘कसला सेन्सर’ म्हणाला तर चावी परत घ्या.

मोठा ॲम्प (ॲम्प्लिफायर) आणि सबवूफर (फक्त खर्जाचा स्पीकर) हे त्याच्याही नंतर. काही गाड्यांत छतात छोटे माइक असतात आणि गाडी स्पीकरमधून उलटा आवाज सोडून इंजिनाची घूं घूं मारत असते. तशा गाडीत न विचारता ॲम्प बदलला की घूं घूं कमी व्हायची सोडून वाढते, आणि मालक बिचारा नव्या सबवूफरला शिव्या देतो. डिकीतला मोठा डबा तर या गाडीत मला मुळीच पटत नाही. सीटखालचा छोटा सब, नीट ट्यून केलेला डीएसपी (आवाजाचा समतोल साधणारं यंत्र), एवढं पुरे.

एक्झॉस्टचं स्पष्ट सांगतो. बाहेरचा मोठा एक्झॉस्ट पाच मिनिटं भारी वाटतो. हायवेला १८००-२००० आरपीएमवर धरलं की तोच १२०-१३० हर्ट्झचा घुमारा डोक्यात बसतो आणि भोपाळ येईपर्यंत डोकं दुखतं. असल्या गाडीत गाणीच काय, बोलणंही होत नाही. शिवाय मोटर वाहन कायद्याच्या कलम १९० खाली आवाजाची मर्यादा मोडल्यास पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी जातं. विकणाऱ्याला विचारा की मूळ एक्झॉस्ट कुठे आहे. घरी पडलाय म्हणाला तर सौद्यात तोही लिहून घ्या.

राहता राहिली टेस्ट ड्राइव्ह. राऊहून मानपूरच्या बाजूला एक चक्कर घ्या, जाताना म्युझिक पूर्ण बंद, येताना शेजारच्याशी साध्या आवाजात बोलता येईल इतकंच चालू. घरचे कुरकुरताहेत ना, मग त्यांच्यातल्या एकाला मागच्या सीटवर बसवा. जागा अडचणीची आहे, पण टायर आणि एक्झॉस्ट दोन्ही तिथे जास्त ऐकू येतात, त्यामुळे खरी तक्रार तिथूनच येईल. आणि निघण्याआधी चारही टायरांच्या बाजूवर चार आकडी तारीख वाचा: ३५१९ असेल तर २०१९ चा पस्तिसावा आठवडा. या गाड्या फिरतात कमी, त्यामुळे नक्षी शिल्लक असते पण रबर कडक झालेलं असतं, आणि कडक टायर फार ओरडतो. तारीख पाच-सहा वर्षांपूर्वीची निघाली तर ऑडिओसाठी बाजूला ठेवलेले पैसे टायरांना लावा, महिनाभर चालवा, आणि त्यानंतरही गाणी कमी पडताहेत असं वाटलं तर दारांपासून सुरुवात करा.